फादर मेंडेल यांचा फसलेला प्रयोग



फादर ग्रेगोर मेंडेल म्हटले की आपल्याला शाळेच्या पुस्तकातले वाटाणे आठवतात. त्यांच्या आयुष्यात पिवळी रानफुलेही होती, हे मात्र आपल्याला फारसे ठाऊक नसते.

आजच्या चेक प्रजासत्ताकातील एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी, १८२२ साली त्यांचा जन्म झाला. शिक्षणाला पैसे नव्हते. धाकट्या बहिणीने हुंड्यातला आपला वाटा दिला, म्हणून ते शिकले. पुढे त्यांनी तिच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावून ते ऋण फेडले. १८४३ साली ते ब्रनो शहरातील ऑगस्टिनियन मठात दाखल झाले व १८४७ साली धर्मगुरू झाले. शिक्षकाच्या परीक्षेत मात्र ते नापास झाले.

१८५६ ते १८६३ या काळात त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे २८,००० रोपे वाढवली. जांभळ्या व पांढऱ्या फुलांच्या वाटाण्यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सर्व फुले जांभळी येत. त्या रोपांच्या पुढच्या पिढीत साधारण तीन जांभळ्यांमागे एक पांढरे पुन्हा दिसे. १८६६ साली हा निबंध छापून आला. फारशी कोणी दखल घेतली नाही.

हा नियम इतर झाडांनाही लागू पडतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी हॉकवीड या रानटी रोपाच्या जवळच्या जातींचा संकर सुरू केला. त्याचे फूल झेंडूसारखे, म्हणजे अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ. त्या प्रत्येकातले पुंकेसर काढून दुसऱ्या जातीचे परागकण लावायचे! भिंगाखाली, आरशाच्या उजेडात काम करून १८६९ साली त्यांचे डोळे दुखावले. हाती मोजकेच संकर आले आणि तेही उलटे वागले. पहिल्याच पिढीत वेगवेगळी रोपे निघाली. त्यांची पिल्ले मात्र जशीच्या तशी.

मेंडेल यांनी हे लपवले नाही. आपल्या नियमाशी न जुळणारा हा निकाल त्यांनी १८६९ साली विद्वानांच्या सभेत वाचला व पुढच्या वर्षी छापलाही.

१८६८ साली ते मठाधिपती झाले होते. मठाचा कारभार आणि मठावरील कराबाबत सरकारशी चाललेला वाद यांत पुढे प्रयोग मागे पडले. ६ जानेवारी १८८४ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, त्यांचे निधन झाले. १९०० साली त्यांचा नियम पुन्हा उजेडात आला. हॉकवीडचे कोडे त्यानंतर काही वर्षांनी सुटले: यातील बहुतेक जाती परागकणांच्या मिलनाशिवायच बी धरतात, त्यामुळे पिल्लू आईची हुबेहूब प्रत असते. मेंडेल यांनी पाहिले ते खरेच होते. त्याचे कारण कळायला वेळ लागला.

आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट समोर आली की आपण ती झाकून ठेवतो. घरात, संस्थेत, कधी कधी प्रार्थनेतही. सत्य देवाचे आहे, असे मानणाऱ्याला त्याची भीती कशाला? या आठवड्यात आपण प्रत्येकाने अशी एक झाकलेली गोष्ट उजेडात आणू या.