नामदार नाना शंकरशेट : श्रीमंतीचा जमाखर्च

‘श्रीमंत’ हा शब्द एके काळी पेशव्यांच्या नावाआधी लागत असे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तो शब्द दरबारातून हळूहळू पेढीवर आला. या स्थित्यंतराच्या काळातच जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे वाढले. १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे एका धनाढ्य दैवज्ञ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८२२ साली वडील निवर्तले, तेव्हा अवघ्या एकोणिसाव्या वर्षी व्यापाराचा सारा पसारा त्यांच्या शिरावर आला.

आपले जयनगर १९४८ साली आखले गेले. कोणाचे घर कोणत्या ब्लॉकात आणि किती रुंद रस्त्यावर, यावरून येथे माणसाची ऐपत जोखली जाते. (त्यात आपण मराठी मंडळीही मागे नाही!) नानांच्या मुंबईत ऐपतीची कसोटी निराळी होती. अरब व अफगाण व्यापारी आपली रोकड बँकेपेक्षा नानांच्या पेढीवर निर्धास्तपणे ठेवीत, असे सांगतात. स्वतःपाशी किती आहे यापेक्षा दुसऱ्याने किती विश्वासाने ठेवले, यावर त्या काळी सावकाराचे नाव चाले.

हे नाव नानांनी सार्वजनिक कामी खर्ची घातले. एल्फिन्स्टनच्या काळापासून ते शिक्षणकार्यात होते. १८४९ च्या सुमारास मुलींच्या शाळा निघाल्या. मुलगी शिकली की घर बुडते, अशी समजूत असलेल्या त्या दिवसांत नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात शाळेला जागा दिली. येथे पैशांपेक्षा जातभाईंचा रोष पत्करणे अधिक महाग होते. ग्रँट रोडवरील नाटकगृह त्यांच्याच जागेवर उभे राहिले आणि १८५३ साली विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने तेथे खेळ केले. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. ती कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी १८४५ पासून झटणाऱ्यांत नाना अग्रभागी होते.

धनिकाला सरकारची मर्जी सांभाळावी लागते, हा व्यवहार नानांना ठाऊक नव्हता असे नाही. तरीही शिक्षणमंडळात इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरणाऱ्या सर अर्स्किन पेरी यांच्याविरुद्ध त्यांनी देशी भाषांची बाजू लावून धरली. पेरी हे सरन्यायाधीश होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या विरोधाचे मोल कळते. प्रजेची गाऱ्हाणी विलायतेच्या पार्लमेंटपुढे मांडणाऱ्या बाँबे असोसिएशनच्या स्थापनेतही, १८५२ साली, ते प्रमुख होते. पुढे १८५७ च्या धामधुमीत सरकारला त्यांचा संशय आला. चौकशीत ते निर्दोष ठरले खरे, पण एका संशयापुढे साऱ्या संपत्तीचे कवच किती पातळ असते, हे त्या वर्षी दिसले. पुढे १८६२ साली त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलात बसविले.

नानांच्या अखेरच्या वर्षांत मुंबईला एका निराळ्याच श्रीमंतीने झपाटले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. रोज नव्या कंपन्या निघत, समुद्र भरून जमीन करण्याच्या कागदी योजनांचे शेअर दामदुपटीने विकले जात, आणि कालचा कारकून आज शेठ म्हणवून घेई. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले. कापूस कोसळला. वायद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस १ जुलै १८६५ हा होता. त्या दिवशी लक्षाधीशांची नावे दिवाळखोरांच्या यादीत जाऊन बसली. बँक ऑफ बाँबेही पुढे तीन वर्षांत मोडली.

त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नाना वारले. टाउन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा उभा राहिला. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळू लागली. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी तिच्यासाठी रात्री जागविल्या असतील. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. तेच चिंतामणराव १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि देशाच्या नोटांवर त्यांची सही उमटू लागली.