परळच्या दोन खोल्या आणि लंडनचे दहा नंबरचे घर

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर आपल्या तरुणांना चांगले ठाऊक आहे. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे स्मारकाचे उद्घाटन झाले. त्याचे फोटो ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कितीतरी मोबाइलवर फिरत असतात. पण आपल्याच मध्य रेल्वेवरच्या परळला उतरून पोयबावडीच्या बीआयटी चाळीत जाऊन आलेले कार्यकर्ते मोजायला घेतले, तर संख्या फार भरत नाही. म्हणून आज बाबासाहेबांचे चरित्र आम्ही त्यांच्या पदव्यांवरून सांगणार नाही. ते जिथे राहिले आणि जिथे त्यांना राहू दिले गेले नाही, त्या घरांवरून सांगणार आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत जन्म, मग दापोली, मग सातारा. सुभेदार रामजी मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईला आले तेव्हा लोअर परळच्या डबक चाळीत एकच खोली मिळाली. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत सगळ्यांचे अंथरूण. वडील रात्री जागे राहत आणि दोनच्या सुमारास भीमरावांना अभ्यासाला उठवून स्वतः त्या जागेवर आडवे होत. एवढीच जागा होती, तीही पाळीपाळीने.

१९१२ च्या सुमारास कुटुंब इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या म्हणजे बीआयटीच्या चाळीत आले. एक नंबरची चाळ, खोल्या ५० आणि ५१. एकीत संसार, दुसरीत पुस्तके आणि भेटायला येणारी माणसे. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये तिथून लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले.

करारानुसार नोकरी बडोद्याला करायची होती. परदेशातून इतके शिकून आलेल्या माणसाला त्या शहरात भाड्याने खोली मिळेना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, असे दोन मित्र होते. दोघांनीही आसरा दिला नाही. कमाठी बागेत पाच तास बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. बागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

हा प्रसंग जुना झाला असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या शहरांत भाड्याचे घर शोधून पाहावे. दलाल आधी पूर्ण नाव विचारतो, मग गाव, मग घरात मटण शिजते का ते. डिपॉझिट तयार असते, नोकरी पक्की असते, आणि दुसऱ्या दिवशी निरोप येतो की मालकांचा विचार बदलला. आता काठी कोणी आणत नाही, फोन उचलणे बंद होते.

सिडनहॅम कॉलेजात दोन वर्षे शिकवून, पैसे साठवून, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेऊन बाबासाहेब १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. किंग हेन्रीज रोडचे घर याच काळातले, १९२१-२२ मधले. तिकडे अशा घराला टेरेस हाउस म्हणतात. त्याचा आपल्या गच्चीशी काही संबंध नाही. एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून ओळीने बांधलेली घरे, म्हणजे आपल्याकडचे रो-हाउस. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावांत अशा ओळी समुद्राकडे तोंड करून उभ्या असतात. इथे समुद्र नाही, जवळ प्रिमरोझ हिल ही टेकडी आहे. बाबासाहेब या घरात भाडेकरू होते. दिवसभर ग्रंथालय, दुपारच्या जेवणाला काट, आणि रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी.

गंमत पाहा. ज्या रस्त्यावर १९२१ मध्ये त्यांना राहता आले, तिथेच त्यांच्या स्मारकाला जवळजवळ शंभर वर्षांनी हरकत आली. निवासी घराचे संग्रहालय करायला कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली, काही शेजाऱ्यांनी गर्दी आणि गोंगाटाची तक्रार केली. २०१९ मध्ये चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने स्मारकाच्या बाजूने निर्णय दिला. या लढ्याच्या बातम्या आपण आवडीने वाचल्या.

पण त्या लंडनच्या दिवसांत परळच्या खोल्यांत काय चालले होते? रमाई तिथे काबाडकष्ट करून संसार ओढत होत्या. पाच मुलांपैकी चार गेली, एकटे यशवंतराव वाचले. राजरत्न १९२६ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला आणि डिसेंबरमध्ये मनुस्मृतीचे दहन. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, गोलमेज परिषदा, पुणे करार, या सगळ्या काळात बाबासाहेबांचा पत्ता परळची चाळ हाच होता. जवळच्या दामोदर हॉलमध्ये कचेरी आणि रात्री या दोन खोल्या. साधारण बावीस वर्षे. लंडनचे घर त्यांच्या अभ्यासाचे साक्षीदार आहे हे खरे, पण चळवळ वाढली ती इथे. आमच्या मते या दोन घरांत मोठे कोणते, याचे उत्तर अवघड नाही.

१९३४ च्या सुमारास ते दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृहात राहायला गेले. नाव बिंबिसाराच्या मगधातल्या राजधानीचे, आणि बांधणी पुस्तकांच्या सोयीने. त्या मोकळ्या घराचे सुख रमाईंना फार लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. जुलै २०२० मध्ये याच राजगृहाच्या आवारात तोडफोड झाली, ते सर्वांना आठवत असेल. शेवटचे घर दिल्लीचे, २६ अलीपूर रोड. तिथे ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कार.

येत्या सहा डिसेंबरला कल्याण, ठाण्याहून चैत्यभूमीला निघणाऱ्या गटांनी एक दिवस आधी परळला उतरावे, असे आम्ही सुचवतो. पाच-सहा जणांनीच जावे, घोषणा देऊ नयेत, जिन्यात चपला पसरू नयेत. ती चाळ आहे, तिथे लोकांचे संसार आहेत.