पोटासाठी शोधलेली गोळी

एकोणिसाव्या शतकात सांधेदुखीवर सोडियम सॅलिसिलेट देत. दुखणे कमी व्हायचे, पण पोटात आग पडायची, उलट्या व्हायच्या. फेलिक्स हॉफमन यांच्या वडिलांचे असेच हाल होते आणि त्यांच्यासाठीच मुलाने पोटाला सोसेल असे औषध शोधले, असे सांगतात. ही कथा छापून आली ती मात्र १९३४ मध्ये, शोधानंतर ३७ वर्षांनी. त्यामुळे ती जपूनच घ्यावी.

हॉफमन १८६८ मध्ये जर्मनीतील लुडविग्सबुर्ग येथे जन्मले. म्युनिकमध्ये शिकून १८९४ मध्ये ते बायर कंपनीत रुजू झाले. १० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांनी असेटिलसॅलिसिलिक आम्ल शुद्ध आणि टिकाऊ स्वरूपात तयार केले. (हेरॉइनही त्यांनी त्याच महिन्यात बनवले, पण तो वेगळा विषय.) १८९९ मध्ये हे औषध ॲस्पिरिन या नावाने आले. पुढे सहकारी आर्थर आइशेनग्र्यून यांनी १९४९ मध्ये श्रेयावर दावा सांगितला. ते ज्यू होते, नाझींच्या छावणीत राहून आले होते. दावा इतक्या उशिरा का, हे त्यावरून कळते.

हॉफमन सत्तरीत असताना, १९३८ मध्ये, लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील डॉक्टरांनी दुर्बिणीतून रुग्णांची जठरे पाहिली. ॲस्पिरिनने जठराच्या अस्तराला इजा होत होती. हॉफमन १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारले. इजेमागचे खरे कारण कळायला १९७१ उजाडले.

ते जॉन व्हेन यांच्या संशोधनातून पुढे आले. ही औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. सूज आणि वेदना वाढवणारे हे रसायन जठराचे संरक्षक अस्तरही राखते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांचेही तसेच. महिनोन्महिने घेतल्यास जठरात किंवा लहान आतड्यात व्रण होतो, रक्तस्राव होतो. वय जास्त असेल, सोबत स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर धोका वाढतो. पोट दुखेलच असे नाही. कित्येकदा डांबरासारखी काळी शौच हीच पहिली खूण असते, आणि तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नये. जठरात न विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळ्याही निघाल्या, पण औषध रक्तातून जठरापर्यंत पोहोचतेच.