टिपणकार केन्स

आपल्या महाविद्यालयांत जॉन मेनार्ड केन्स भेटतो तो क्रमिक पुस्तकातून. गुणक, रोखता-पसंती, उपभोग-प्रवृत्ती आणि १९३६ साली प्रसिद्ध झालेला तो दुर्बोध ग्रंथ एवढ्यावर त्याची बोळवण होते, आणि विद्यार्थीही परीक्षेपुरताच त्याच्याशी संबंध ठेवतात. परंतु या माणसाने आयुष्यातील जवळजवळ बारा वर्षे सरकारी कचेऱ्यांत काढली आणि तेथे जे लिहिले ते मंत्र्यांनी वाचावे म्हणून लिहिले. त्याचे समग्र लेखन तीस खंडांत प्रसिद्ध झाले आहे. त्यांतील कित्येक खंड अशा टिपणांनी, मसुद्यांनी आणि तारांनी भरलेले आहेत. मंत्र्याला विषयाची माहिती बेताची असते, वेळ तर नसतोच, आणि पुष्कळदा त्याच्या मनाचा निर्णय आधीच झालेला असतो. अशा वाचकासाठी, स्वतःचे नाव कोठेही येणार नाही हे जाणून लिहिणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. सरकारी टिपण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नीरस मजकूर आणि लाल फीत उभी राहते, म्हणून या विद्येचा विचार आपण सहसा करीत नाही. केन्सचे चरित्र या बाजूने पाहिले तर वेगळे दिसते.

५ जून १८८३ रोजी केंब्रिज येथे त्याचा जन्म झाला. वडील तर्कशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे व्यासंगी अध्यापक. ईटन व किंग्ज कॉलेज येथे शिक्षण झाले. पदवी मात्र गणिताची. १९०६ साली तो सनदी नोकरीच्या परीक्षेला बसला आणि दुसरा आला. पहिल्या आलेल्या ऑटो निमेयरने ब्रिटिश कोषागार गाठले. केन्सच्या वाट्याला इंडिया ऑफिस आले. अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत त्याला गुण कमी पडले होते, आणि परीक्षकांनाच तो विषय आपल्याहून कमी येत असावा, असा त्याने ग्रह करून घेतला. निमेयरचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. प्रांतांच्या आर्थिक वाट्यासंबंधी १९३६ साली जो निवाडा झाला, तो याच गृहस्थाचा.

इंडिया ऑफिसच्या लष्करी विभागात या बुद्धिमान तरुणावर आलेली पहिली कामगिरी म्हणजे दहा एअरशायर वळू जहाजात चढवून मुंबईला रवाना करणे. ती पार पडल्यावर त्याची बदली महसूल, सांख्यिकी व व्यापार विभागात झाली. काम बेताचेच असे. कचेरीच्या वेळात संभाव्यतेवरचा प्रबंध लिहिण्यासही त्याला सवड मिळे. १९०८ साली राजीनामा देऊन तो केंब्रिजला परतला. या देशात त्याने कधीही पाऊल ठेवले नाही.

पण त्या दोन वर्षांत रुपयाचा व्यवहार लंडनहून कसा चालतो, हे त्याने कागदपत्रांतून पक्के समजून घेतले होते. १९१३ साली भारतीय चलनावरचे त्याचे पुस्तक आले, आणि त्याच वर्षी ऑस्टिन चेंबरलेन यांच्या अध्यक्षतेखालील चलन आयोगावर, वयाची तिशी पूर्ण होण्याआधीच, त्याची नेमणूक झाली. आयोगाच्या अहवालाला जोडलेली मध्यवर्ती बँकेची योजना बहुतांशी त्याच्या हातची. रिझर्व्ह बँक प्रत्यक्षात उघडली ती १ एप्रिल १९३५ रोजी. दोन दशके दप्तरात पडून राहणे हे चांगल्या टिपणाच्याही नशिबी असू शकते.

या लेखनातली उणीव एका भारतीयाने नेमकी दाखवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाविषयीच्या आपल्या ग्रंथात केन्सने उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय परिमाणावर कठोर टीका केली. विनिमयदर स्थिर राहिला म्हणजे सारे साधले असे नव्हे, देशातल्या देशात रुपयाची खरेदीशक्ती टिकते की नाही हे महत्त्वाचे. आणि रुपये पाडण्याची मुभा सरकारकडे असेल तर त्याला आवर कोण घालणार, हा त्यांचा प्रश्न होता. लंडनच्या कचेरीतून विनिमयदर दिसतो, बाजारातला भाव दिसत नाही. टिपणकार कोठे बसला आहे यावर त्याला काय दिसणार हे पुष्कळ अंशी ठरत असते.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध दाराशी आले आणि लंडनचा नाणेबाजार कोलमडला. कोषागारातील बेसिल ब्लॅकेट याने केन्सला तातडीने बोलावले. रविवार, २ ऑगस्ट रोजी मेहुण्याच्या मोटारसायकलला जोडलेल्या बाजूगाडीत बसून तो केंब्रिजहून लंडनला आला. सोन्यात रक्कम देणे बंद करा, असा बँकवाल्यांचा आग्रह होता, आणि अर्थमंत्री लॉइड जॉर्ज त्यांच्या बाजूला झुकू लागले होते. लॉइड जॉर्ज हे वकील. चलनशास्त्राशी त्यांचा परिचय जुजबी. केन्सने रातोरात टिपण तयार केले. त्याचा युक्तिवाद साधा होता. सोन्याचा साठा राखायचा तो अशाच दिवसासाठी. संकट येताच तो कुलपात घातला तर आजवर राखला कशाला? परदेशी देणी सोन्यात चुकती करावीत, म्हणजे लंडनची पत टिकेल, आणि देशातल्या व्यवहारासाठी कागदी नोटा काढाव्यात. लॉइड जॉर्ज यांचे मत फिरले. सोन्यातील देणी औपचारिकपणे चालू राहिली आणि कोषागाराच्या एक पौंडाच्या व दहा शिलिंगांच्या नोटा बाजारात आल्या.

या टिपणाला यश का आले हे पाहण्यासारखे आहे. त्यात सिद्धान्ताचे प्रदर्शन नव्हते. मंत्र्यापुढे जो प्रश्न होता तोच घेतला होता, उलट पक्षाचे म्हणणे न लपवता मांडले होते आणि करायचे काय हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले होते. अर्थात मंत्र्याचे मन अजून पक्के झालेले नव्हते, हाही योगच.

१९१५ च्या जानेवारीत केन्स कोषागारात रीतसर रुजू झाला आणि दोन वर्षांत परदेशी अर्थव्यवहाराच्या विभागाचा प्रमुख बनला. ऑक्टोबर १९१६ मध्ये, ब्रिटन युद्धासाठी अमेरिकेच्या पैशावर किती अवलंबून राहू लागले आहे आणि लवकरच अमेरिकेच्या अध्यक्षाच्या हाती आपल्या नाड्या कशा जाणार आहेत, हे त्याने आकड्यांनिशी मांडले. ऐकायला कोणालाच आवडू नये असे ते भाकीत होते. पुढल्या उन्हाळ्यात ते खरे ठरले.

युद्ध संपले आणि जर्मनीकडून भरपाई किती घ्यायची हा प्रश्न आला. कोषागारातून जे टिपण गेले त्यात जर्मनीची ताकद फार तर ३०० कोटी पौंडांची धरली होती, आणि २०० कोटी मिळाले तरी समाधान मानावे असे सुचवले होते. याच सुमारास सरकारनेच नेमलेल्या एका समितीने २,४०० कोटी पौंडांचा आकडा पुढे केला. डिसेंबर १९१८ मध्ये निवडणुका होत्या. त्या हवेत कोणता आकडा मंत्र्यांना प्रिय वाटला असेल हे सांगायला नको. केन्स कोषागाराचा प्रतिनिधी म्हणून पॅरिसच्या परिषदेत बसला, पर्यायी योजनांचे मसुदे करीत राहिला, आणि जून १९१९ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडला. काही महिन्यांत लिहिलेले त्याचे तहावरचे पुस्तक डिसेंबरात निघाले व जगभर गाजले. जे टिपणात दबले ते पुस्तकात दुमदुमले. पण तहातले एक कलमही त्यामुळे बदलले नाही. पुस्तकाने जनमत घडते. निर्णयाच्या दिवशी मंत्र्याच्या मेजावर असतो तो कागद मात्र दुसऱ्याच कोणाचा असतो.

१९२५ साली याचा प्रत्यय आला. चर्चिल अर्थमंत्री होते. पौंड युद्धपूर्व दराने, म्हणजे ४.८६ डॉलरला, पुन्हा सोन्याशी जोडावा काय, हा प्रश्न होता. चर्चिल यांनी आक्षेपांची एक यादी करून आपल्या सल्लागारांकडे धाडली. सुवर्णपरिमाणाकडे परतण्यात धोका नाही ना, असा त्यांचा रोख होता. तिला उत्तरे देणाऱ्यांत निमेयर अग्रभागी होता. परीक्षेत पहिला आलेला तो विद्यार्थी आता कोषागारात अधिकाराच्या जागी होता, आणि केन्स बाहेर. १७ मार्च रोजी चर्चिल यांनी दोन्ही पक्षांना जेवायला बोलावले. या दराने ब्रिटिश मालाच्या किमती सुमारे दहा टक्क्यांनी चढ्या ठरतील, त्या उतरवायच्या तर मजुरी कापावी लागेल आणि संप होतील, असे केन्सचे म्हणणे होते. केन्सच्या मताचे असलेले माजी अर्थमंत्री मॅकेना यांनीच अखेर, राजकीयदृष्ट्या आता माघार घेता येणार नाही, असे सांगितल्याची आठवण चर्चिल यांचे खाजगी चिटणीस ग्रिग यांनी नोंदवली आहे. एप्रिलमध्ये पौंड सोन्याला बांधला गेला. १९२६ साली कोळसा खाणींचा प्रश्न चिघळून सार्वत्रिक संप झाला आणि १९३१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने सोने सोडले. निमेयरची टिपणे वाईट लिहिलेली नव्हती. ती अत्यंत सफाईदार होती. सफाईदार टिपण चुकीच्या निर्णयाला किती सुरेख वाट करून देते, हे त्यातून दिसते. (ब्लॅकेट आणि ग्रिग दोघेही पुढे दिल्लीत व्हाइसरॉयच्या कौन्सिलाचे अर्थसदस्य झाले. व्हाइटहॉलच्या त्या दोन-चार खोल्यांतून आपली तिजोरी कशी चालवली जात होती, याची यावरून कल्पना यावी.)

१९४० साली केन्सला कोषागारात पुन्हा खोली मिळाली. पगार नाही, ठरावीक काम नाही; कोणत्याही प्रश्नात लक्ष घालण्याची मोकळीक मात्र होती. अर्थमंत्री किंग्स्ले वुड होते. युद्धखर्चासाठी सरकारला किती पैसा हवा, हा प्रश्नच अपुरा आहे, असे केन्सने दाखवले. देशात एकूण माल किती, लोकांच्या हाती पैसा किती, आणि उरलेला फरक भाववाढीने भरून निघण्याआधी तो कराने व सक्तीच्या बचतीने कसा काढून घ्यायचा, हा खरा प्रश्न. जेम्स मीड आणि रिचर्ड स्टोन या तरुणांनी राष्ट्रीय उत्पन्नाचे तक्ते तयार केले आणि १९४१ चा अर्थसंकल्प त्यांवर उभा राहिला. आज अर्थसंकल्पाआधी जी आर्थिक पाहणी आपण वाचतो, तिच्या मुळाशी हीच दृष्टी आहे. केन्सचे टिपणकार म्हणून सर्वांत टिकाऊ काम हेच, असे मला वाटते.

भारताच्या संदर्भात मात्र हीच लेखणी आखडती झाली. युद्धकाळात ब्रिटनने येथून घेतलेल्या मालाचे व सेवांचे पैसे लंडनच्या खात्यात पौंडांत जमा होत गेले, आणि येथे त्यांच्या बळावर नोटा छापल्या गेल्या. भाव भडकले; १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्याच काळातला. ही जमा अखेर एक अब्ज पौंडांच्या वर गेली. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्‌सच्या परिषदेत भारतीय शिष्टमंडळाने हा प्रश्न लावून धरला. त्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. ब्रिटन आपले देणे सन्मानाने फेडील, पण हा विषय नव्या नाणेनिधीचा नाही, अशी केन्सची भूमिका राहिली. पुढे मंत्र्यांसाठी केलेल्या टिपणांत, स्टर्लिंग देशांनी या देण्यातला काही भाग सोडून द्यावा, असे त्याने सुचवले. जर्मनीची ऐपत दयेने मोजणाऱ्याने अर्धपोटी देशाचे येणे घटवण्याचा सल्ला द्यावा, ही विसंगती आपण तरी विसरता कामा नये. तो ब्रिटिश मंत्र्यांचा टिपणकार होता, आणि त्यांच्या बाजूनेच हिशेब मांडत होता, एवढेच त्याचे स्पष्टीकरण.

ऑगस्ट १९४५ मध्ये नव्या मजूर सरकारपुढे त्याने परदेशी देण्याघेण्याचे टिपण ठेवले. अमेरिकेची मदत मिळाली नाही तर देशावर आर्थिक डंकर्क ओढवेल, असा इशारा त्यात होता, आणि तो रास्त होता. पण बैठकीत मंत्र्यांशी बोलताना, पाच अब्ज डॉलर अनुदान म्हणून मिळतील, अशी आशाही त्यानेच लावली. वॉशिंग्टनला तीन महिने घासाघीस झाली. मिळाले ते ३.७५ अब्ज डॉलरचे कर्ज. व्याज दोन टक्के, शिवाय वर्षभरात पौंड डॉलरमध्ये बदलून देण्याची अट. भीतीचा आकडा बिनचूक आणि आशेचा आकडा सैल, असे त्या कामाचे वर्णन करता येईल. हृदय आधीच निकामी होत चालले होते. २१ एप्रिल १९४६ रोजी ससेक्समधील आपल्या घरी, वयाच्या ६२ व्या वर्षी, केन्सचे निधन झाले.

जुलै १९४७ मध्ये कराराप्रमाणे पौंड परिवर्तनीय झाला आणि पाच आठवड्यांत ती सोय बंद करावी लागली. भारताने आपल्या येण्यावर पाणी सोडले नाही. लष्करी सामान आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने यांपायी मात्र त्यातले पुष्कळ गेले. अमेरिकेच्या त्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटनने भरला तो डिसेंबर २००६ मध्ये.