नामकर्ते कार्ल लिनिअस

मराठीत आंबा, हिंदीत आम, गुजरातीत केरी, तेलुगूत मामिडी. फळ एकच, पण प्रांत बदलला की नाव बदलते. ही आपल्या भाषांची श्रीमंती होय. परंतु एका देशातील अभ्यासकाचे लिखाण दुसऱ्या देशातील अभ्यासकाला अचूक कळायचे, तर दोघांनाही मान्य असे एकच नाव हवे. ते कसे द्यावे याचा मार्ग घालून दिला तो स्वीडनच्या कार्ल लिनिअस यांनी.

त्यांचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधील रोशुल्ट या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक आणि बागेचे वेडे. कुटुंबाचे आडनावही घराजवळच्या लिंडेन वृक्षावरून घेतलेले. मुलाने आपल्यासारखेच धर्मोपदेशक व्हावे, ही वडिलांची इच्छा. पण व्हेक्स्यो येथील शाळेत कार्लचे चित्त वर्गापेक्षा रानातील झाडाझुडपांत अधिक रमे. हा मुलगा उच्च शिक्षणास योग्य नाही, त्याला एखाद्या कारागिराच्या हाताखाली घालावे, असे शिक्षकांनी वडिलांना सुचवले. त्या वेळी योहान रोथमान हे डॉक्टर आणि शिक्षक पुढे आले. त्यांनी वडिलांचे मन वळवले, मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले आणि वैद्यक व वनस्पतिशास्त्राचे धडे दिले. रोथमान नसते, तर कदाचित एका गावाला एक सामान्य कारागीर मिळाला असता आणि विज्ञान एका थोर अभ्यासकाला मुकले असते.

उप्सालाच्या विद्यापीठातील आरंभीचे दिवस हलाखीचे होते. तिथेच पीटर आर्टेडी हा जिवलग मित्र भेटला. सृष्टीचा अभ्यास दोघांनी वाटून घेतला. मासे आर्टेडीकडे आले. जो मागे राहील त्याने दुसऱ्याचे अपुरे काम पुरे करावे, असे त्यांचे ठरले. १७३५ मध्ये आर्टेडी ॲमस्टरडॅमच्या कालव्यात बुडून मरण पावला. लिनिअस यांनी त्याची हस्तलिखिते मिळवली आणि १७३८ मध्ये माशांवरील तो ग्रंथ मित्राच्याच नावाने प्रसिद्ध केला.

त्या काळी वनस्पतीचे शास्त्रीय नाव म्हणजे तिचे लॅटिनमधील लांबलचक वर्णनच असे. नवी जात सापडली की वर्णन आणखी वाढे. ते पाठ होणे कठीण आणि सर्वांनी सारखेच वापरणे त्याहून कठीण. १७५३ च्या ‘स्पेसीज प्लांटारम’ या ग्रंथात लिनिअस यांनी प्रत्येक वनस्पतीला दोनच शब्दांची ओळख दिली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आंबा ‘मँजिफेरा इंडिका’ झाला, पिंपळ ‘फायकस रिलिजिओसा’. वड आणि पिंपळ दोघेही ‘फायकस’, म्हणून ते एकमेकांचे आप्त, हे नावावरूनच कळू लागले. १७५८ मध्ये प्राण्यांनाही त्यांनी हीच पद्धत लावली. माणूस ‘होमो सेपियन्स’ ठरला.

भारत त्यांनी कधी पाहिला नाही. मलबारच्या अनेक वनस्पती त्यांना कळल्या त्या ‘होर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या डच ग्रंथातून. त्या ग्रंथामागे मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोंकणी वैद्यांचे ज्ञान होते. लॅटिन नावांच्या मुळाशी अशी आपल्या मातीतील माणसेही आहेत.

लिनिअस यांच्या कामात उणिवा होत्या. फुलातील पुंकेसर व स्त्रीकेसर मोजून त्यांनी केलेली वनस्पतींची विभागणी सोयीची होती, तरी खरे नाते दाखवणारी नव्हती. ती पुढे मागे पडली. माणसांचे खंडानुसार गट पाडून त्यांना स्वभाव चिकटवणे ही तर गंभीर चूक होती. पुढे वंशभेदाच्या विचाराला तिचा आधार मिळाला. मात्र काही चुका त्यांनी स्वतः सुधारल्या. देवमाशाला आधी माशांत बसवले होते. १७५८ मध्ये त्याला सस्तन प्राण्यांत नेले.

त्यांचे अनेक शिष्य नव्या वनस्पतींच्या शोधात दूरदेशी गेले. त्यांतले काही परतलेच नाहीत. अखेरच्या वर्षांत पक्षाघाताने लिनिअस यांची स्मृती ढासळली. ज्यांनी हजारो जीवांना नावे दिली, त्यांच्याच आठवणीतून शब्द निसटू लागले. १० जानेवारी १७७८ रोजी उप्साला येथे त्यांचे निधन झाले.

आज जीवांची नाती डीएनएवरून ठरतात आणि वर्गीकरण सतत बदलते. पण नव्या जीवाला आजही दोन शब्दांचेच नाव मिळते. एका शाळेने अपात्र ठरवलेल्या आणि एका शिक्षकाने ओळखलेल्या मुलाची ही देणगी. वर्गात बसून खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहणारे मूल पालकांना वा शिक्षकांना दिसेल, तेव्हा रोथमान यांचे स्मरण अवश्य व्हावे.