शिक्षणमहर्षी पंजाबराव देशमुख

नागपूर जिल्ह्यातील काटोल-नरखेडचा भाग मागे टाकून पश्चिमेकडे गेले, म्हणजे वऱ्हाडातील अमरावती जिल्हा लागतो. दोन्हीकडची माती काळी आणि दोन्हीकडची पिकेही सारखीच. पऱ्हाटी, ज्वारी, तूर आणि संत्र्यांच्या बागा यांनी हा मुलूख भरलेला असतो. शंभर वर्षांपूर्वीही येथे धान्य पिकत असे, कापूस फुलत असे. पण शाळा मात्र फार थोड्या होत्या. खेड्यातील मूल दोन-तीन इयत्ता शिकले, की बहुधा गावची शाळा संपे. पुढे शिकावयाचे, तर घर सोडून दूरच्या गावी जावे लागे. तेथे राहण्याजेवण्याचा खर्च कोणी करावा? म्हणून पुष्कळ मुलांच्या हातातील पाटी सुटे आणि गुरे राखण्याची काठी हाती येई. अशा मुलांच्या हाती पुन्हा पाटी देण्याचे काम ज्यांनी आयुष्यभर केले, ते डॉक्टर पंजाबराव देशमुख होत. लोक त्यांना प्रेमाने व आदराने भाऊसाहेब म्हणत.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव शामराव आणि आईचे नाव राधाबाई. मुलगा बुद्धीने तल्लख होता. पापळची शाळा संपल्यावर त्याला चांदूर, कारंजा, अमरावती असे गावोगाव जाऊन शिकावे लागले. शाळेसाठी घर सोडणे म्हणजे काय, हे त्याला लहान वयातच कळले. अमरावतीहून तो पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गेला. तेथे असतानाच विलायतेस जाऊन उच्च शिक्षण घेण्याची इच्छा त्याच्या मनात बळावली.

ही इच्छा साधी नव्हती. त्या काळी विलायतेचा खर्च शेतकऱ्याच्या घराला पेलणारा नव्हता. पण शामरावांनी कर्ज काढले आणि १९२० साली मुलाला बोटीवर बसविले. परमुलखात पंजाबरावांनी एक क्षणही वाया घालविला नाही. एडिंबरो येथे त्यांनी एम. ए. ची पदवी घेतली. शिष्यवृत्ती मिळविली. वैदिक वाङ्मयातील धर्म या विषयावर प्रबंध लिहून ते ऑक्सफर्डचे डॉक्टर झाले. शिवाय बॅरिस्टरही झाले. १९२६ साली ते मायदेशी परतले.

अशा विद्वान बॅरिस्टराला वकिलीत पैसा आणि मान यांची कमतरता पडली नसती. पण भाऊसाहेबांच्या डोळ्यांपुढे पापळसारखी शेकडो खेडी उभी होती. आपल्या वडिलांनी कर्जाचे ओझे डोक्यावर घेतले, म्हणून आपण शिकलो. ज्यांच्या वडिलांना कर्जही कोणी देणार नाही, त्या मुलांनी काय करावे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

त्यांनी प्रथम अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. खेड्यांतून आलेल्या गरीब मुलांची राहण्याजेवण्याची सोय व्हावी, हा त्याचा हेतू होता. पण त्यासाठी पैसा कोठून आणावा? भाऊसाहेबांनी मुष्टिफंडाचा मार्ग धरला. प्रत्येक घराने एक मूठ धान्य द्यावयाचे. कोणाही गृहिणीला एक मूठ जड वाटत नसे, आणि गरिबातील गरीब घरालाही ती देता येत असे. मुठीमुठीने धान्य जमले आणि मुलांच्या ताटात भाकरी पडू लागली. ही भाकरी एका धनिकाची नव्हती, साऱ्या लोकांची होती. छात्रालयात जातिभेदाला थारा नव्हता. वेगवेगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहात आणि एका पंक्तीस बसून जेवीत. त्या काळात ही गोष्ट सामान्य नव्हती.

भाऊसाहेब जे मुलांना शिकवीत, ते स्वतः आधी आचरीत. १९२७ साली त्यांनी जातीची बंधने बाजूस सारून विमलाबाईंशी विवाह केला. पुष्कळ लोकांना तो रुचला नाही. पण भाऊसाहेब डगमगले नाहीत. विमलाबाईंनी छात्रालयातील मुलांची आईच्या मायेने काळजी घेतली आणि विवाहानंतर स्वतःचे शिक्षणही पुढे चालविले. त्याच वर्षी अमरावतीचे अंबादेवीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे, म्हणून झालेल्या चळवळीत भाऊसाहेब अग्रभागी होते.

१९२८ साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचे पाऊल त्यांनी तेथे उचलले. शाळा वाढवावयाच्या, तर कौन्सिलजवळ पैसा हवा होता. तेव्हा त्यांनी शिक्षणासाठी करवाढ केली. शेतकऱ्यांच्या कैवाऱ्यानेच शेतकऱ्यांवरील कर वाढवावा, हे वरवर पाहता विचित्र वाटते. लोकांची नाराजी पत्करण्याचे धैर्य पुढाऱ्यांत क्वचितच असते. परंतु आज दिलेला पैसा उद्या मुलांच्या विद्येच्या रूपाने घरी परत येईल, असा भाऊसाहेबांचा विश्वास होता.

१९३० साली ते मध्यप्रांत व वऱ्हाडचे मंत्री झाले. अमरावतीप्रमाणेच नागपूर व काटोलही तेव्हा याच प्रांतात होते. त्यांच्याकडे शिक्षण आणि शेती ही खाती आली. सावकारी कर्जाखाली दबलेल्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कर्ज लवाद कायदा संमत व्हावा, म्हणून त्यांनी फार खटपट केली. कर्जाचे ओझे घराला कसे वाकविते, हे त्यांना ठाऊक होते.

१९३२ साली त्यांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली. शहरातील मुलांना शाळा मिळत होत्या. म्हणून संस्थेने खेड्यांकडे लक्ष दिले. विदर्भात ठिकठिकाणी तिच्या शाळा आणि वसतिगृहे उघडली. पुढे महाविद्यालयेही निघाली. ज्या घरांत पूर्वी पत्र वाचून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागे, त्या घरांतील मुले शिक्षक, वकील आणि शेतीतज्ज्ञ होऊ लागली.

देशाची राज्यघटना तयार करणाऱ्या घटना समितीचे भाऊसाहेब सदस्य होते. १९५२ पासून १९६२ पर्यंत ते केंद्र सरकारात कृषिखात्याचे काम पाहात होते. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. त्यांच्या पुढाकाराने १९५९-६० मध्ये दिल्लीस जागतिक कृषी प्रदर्शन भरले आणि इतर देशांतील शेतीचे ज्ञान भारतीय शेतकऱ्यांना पाहावयास मिळाले. दिल्लीत राहूनही खेड्यातील मुलांचा त्यांना विसर पडला नाही.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. १९६९ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याला भाऊसाहेबांचेच नाव देण्यात आले. शेतकऱ्याच्या मुलाच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या पुरुषाचे याहून उचित स्मारक दुसरे कोणते असणार?

एका खेड्यातील बापाने कर्ज काढून एका मुलाला शिकविले. त्या मुलाने ते ऋण असंख्य मुलांना शिकवून फेडले. आणि या कामाची पहिली शिदोरी होती, घरोघरच्या मायबहिणींनी दिलेली मूठभर धान्याची.