थर्मासचे जनक : सर जेम्स ड्यूअर

पावसाळ्यात लोणावळ्याला निघालेल्या कुटुंबाच्या पिशवीत चहाचा थर्मास असतो आणि गाडीच्या डिकीत बर्फ भरलेली थंड पेटी. आंदर मावळातल्या एखाद्या वाडीवर आरोग्यसेविका जाते, तेव्हा तिच्या खांद्याला लसींचा व्हॅक्सिन कॅरिअर असतो. या तिन्ही वस्तू स्वतः काहीही थंड किंवा गरम करत नाहीत. त्या फक्त उष्णतेची वाट अडवतात. ही वाट किती पक्की अडवता येते, हे जगाला दाखवून दिले सर जेम्स ड्यूअर यांनी.

ड्यूअर यांचा जन्म २० सप्टेंबर १८४२ रोजी स्कॉटलंडमधील किनकार्डिन येथे झाला. दहा वर्षांचे असताना गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ फुटून ते पाण्यात पडले आणि त्यानंतर संधिज्वराने त्यांना दीर्घकाळ जखडून ठेवले. हातांची ताकद परत यावी म्हणून त्या काळात ते गावातल्या सुताराकडे व्हायोलिन बनवायला शिकले. प्रयोगशाळेत पुढे नावाजले गेलेले त्यांचे हस्तकौशल्य असे आजारपणात घडले.

एडिंबरोत शिक्षण झाल्यावर १८७५ मध्ये ते केंब्रिजमध्ये प्राध्यापक झाले आणि १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. वायूंचे द्रवात रूपांतर करणे हा त्यांचा ध्यास होता. पण द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. साध्या भांड्यात ओतला की तो बघता बघता उडून जाई. मग त्याचा अभ्यास करायचा कसा?

१८९२ मध्ये ड्यूअर यांनी यावर उपाय काढला. काचेच्या भांड्यात दुसरे भांडे बसवून त्यांनी दोन्ही भिंतींमधील हवा काढून घेतली. हवाच नसल्याने त्या पोकळीतून उष्णतेचे वहन आणि अभिसरण जवळजवळ थांबले. उरले प्रारण. त्यासाठी काचेवर आरशासारखा चकचकीत मुलामा देण्यात आला. थर्मास आजही याच तत्त्वावर चालतो.

या भांड्याच्या मदतीने ड्यूअर यांनी १८९८ मध्ये हायड्रोजन द्रवरूपात आणला आणि पुढच्याच वर्षी तो गोठवला. या कामाची किंमतही मोठी होती. प्रयोगशाळेतील स्फोटांत त्यांच्या दोन साहाय्यकांना प्रत्येकी एक डोळा गमवावा लागला. हेलियमच्या शर्यतीत मात्र ते मागे पडले. १९०८ मध्ये नेदरलँड्सच्या कामरलिंग ओनेस यांनी ती जिंकली, तीही ड्यूअर यांच्याच पद्धतीची भांडी वापरून.

दुसरी हार बाजारातली होती. आपल्या भांड्याचे पेटंट ड्यूअर यांनी घेतलेच नव्हते. बर्लिनचे काच कारागीर राइनहोल्ड बुर्गर यांनी ते धातूच्या आवरणात बसवून घरगुती वापराजोगे केले आणि १९०४ मध्ये थर्मास कंपनी उभी राहिली. ड्यूअर न्यायालयात गेले, पण पेटंटच नसल्याने हरले. नोबेलसाठीही त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, मात्र ते पारितोषिक त्यांना कधीच मिळाले नाही. २७ मार्च १९२३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. तोवर त्यांचे भांडे घरोघरी पोहोचले होते.

मावळाशीही या भांड्याचे नाते आहे. तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये लोकांच्या पैशा-पैशातून पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. पुढे ईगलचे थर्मासही तळेगावातच तयार होऊ लागले. अनेक मराठी घरांत दवाखान्यात पेज किंवा दूध नेले ते अशाच थर्मासातून.

व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये निर्वात पोकळी नसते. तिथे फोममध्ये अडकलेली हवा उष्णतेला अडवते आणि आइसपॅक आतला गारवा टिकवतात. बहुतेक लसींना २ ते ८ अंश तापमान लागते आणि काही लसी गोठल्या तर निकामी होतात. म्हणून आइसपॅक फ्रीझरमधून काढून लगेच भरत नाहीत. ते हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबतात. इन्सुलिन घेऊन सहलीला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. कुपी कापडात गुंडाळावी, बर्फाला थेट टेकू देऊ नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरू नये. ते उन्हात तापण्याची भीती आपल्याला असते, पण पेटीतल्या बर्फानेही ते तितकेच बिघडू शकते.